टर्बो गाडी ट्यून करताय? मे महिन्यातली दुपार धरून करा

डिसेंबरात रीमॅप केलेली, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली फाइल बदलून ताकद वाढवलेली, गाडी गोव्यात कुणालाही आवडते. पहाटे सहाला फोंड्याहून निघायचं, हवा गार, बोरीचा पूल मोकळा. पाय दाबला की पाठ सीटला चिकटते. माझ्या एक लिटर टर्बो हॅचबॅकचं पहिल्या रीमॅपनंतर अगदी असंच झालं होतं. मग मे उजाडला. दुपारी तीनला पर्वरीच्या रांगेत अर्धा तास सरपटून बाहेर पडलो, मोकळ्या रस्त्यावर तोच पाय दाबला, तर गाडी कंपनीतून आली तेव्हापेक्षाही सुस्त. संध्याकाळी लॉग, म्हणजे गाडीच्या सेन्सरची नोंद, उघडला. इंजिनात जाणारी हवा ७१ अंशांवर होती आणि ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, इग्निशन (ठिणगीची वेळ) सहा अंश मागे ओढलं होतं. फाइल वाईट नव्हती, पण ती ज्या हवेत बसवली ती हवा मे महिन्यात पर्वरीला नसते.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आधी कागद, मग मोजमाप, मग गळती आणि झीज, मग उष्णता, मग ब्रेक आणि टायर, आणि रीमॅप सगळ्यात शेवटी. खाली याच क्रमाने लिहितो आहे. एखादी पायरी गाळली तर पुढची पायरी त्याचं बिल लावते, हे स्वतःच्या खिशातून शिकलोय.

कागद

हे कंटाळवाणं आहे, म्हणून आधीच उरकू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेली मूळ वैशिष्ट्यं आणि आरसीवरचे तपशील जुळेनासे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर कलम १८९ वेगळं लागतं.

रीमॅप बाहेरून दिसत नाही, म्हणून तो चालतो असं समजू नका. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक ईसीयू वाचायला सांगू शकतो. बदल विमा कंपनीला लेखी कळवा. त्यांनी नकार दिला तर मूळ फाइल परत टाकता येईल अशी सोय असलेलाच ट्यूनर निवडा आणि बदललेली फाइल ट्रॅकपुरती ठेवा. कॅट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढून सरळ पाइप टाकणं मात्र रस्त्यावरच्या गाडीत करूच नका. पीयूसीचा प्रश्न येतोच, शिवाय छोट्या इंजिनात त्यातून मिळणारी ताकद फार थोडी असते. मिळतो तो बहुतेक आवाज, आणि तो शेजाऱ्यांनाही मिळतो.

मोजमाप: काहीही विकत घेण्याआधी

ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या पोर्टला, लागणारा एक बरा डोंगल आणि फोनवरचं ॲप एवढ्यावर सुरुवात होते. ज्या गोष्टी लॉग करायच्या त्या अशा: आरपीएम, मागितलेला बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि प्रत्यक्ष बूस्ट, इनटेक हवेचं तापमान, इग्निशन टायमिंग, प्रत्येक सिलिंडरचं नॉक करेक्शन (इंधन अवेळी पेटून इंजिन ठोकू लागलं की ईसीयू ठिणगी किती मागे घेतो ते), फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली दुरुस्ती), लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण, १.० च्या खाली म्हणजे इंधन जास्त), कूलंटचं तापमान, आणि थेट इंजेक्शनचं इंजिन असेल तर रेल प्रेशर (इंजेक्टरपाशी इंधनाचा दाब). स्वस्त डोंगल सेकंदाला दोन-तीनच नोंदी घेतो. मग दहा गोष्टी एकदम न मागता चार-चारच्या तुकड्यांनी लॉग करा.

तिसऱ्या गिअरला ६,००० आरपीएमपर्यंत ओढलं तर काटा शंभरच्या बराच वर जातो. ते आपल्या रस्त्यांवर नको. मी मोकळ्या चढावर दुसरा गिअर वापरतो. इंजिनावर भार पुरेसा येतो आणि वेग आटोक्यात राहतो. लॅपटॉप किंवा फोन शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात असावा. २,००० पासून पूर्ण पाय, रेडलाइनच्या थोडं आधी सोडायचं. अशा तीन नोंदी एकामागोमाग घ्या, कारण पहिली नेहमी छान दिसते. गाडीचं खरं रूप तिसरीत दिसतं.

आकडे वाचायचे कसे? फ्युएल ट्रिम उणे-अधिक दहा टक्क्यांच्या पलीकडे सतत राहत असेल तर कुठेतरी हवा गळते आहे किंवा एखादा सेन्सर खोटं बोलतोय. मागितलेल्या बूस्टपेक्षा प्रत्यक्ष बूस्ट ०.१५ बारने किंवा जास्त कमी असेल तर होस, क्लॅम्प आणि टर्बोचा दाब आवरणारे डायव्हर्टर व्हॉल्व्ह आणि वेस्टगेट तपासा. नॉक करेक्शन एखाद-दोन अंश इकडेतिकडे होतंच. पण एकाच आरपीएमवर, एकाच सिलिंडरमध्ये, दरवेळी चार अंश किंवा जास्त मागे जात असेल तर तिथेच थांबा. मूळ फाइलवरच हे दिसत असेल तर रीमॅपसाठी पैसे देणं म्हणजे तापातल्या माणसाला शर्यतीत उतरवणं.

हा पहिला लॉग जपून ठेवा. पुढे ट्यूनरशी वाद झाला तर हीच तुमची साक्ष.

गळती आणि झीज

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी आधी क्लॅम्प बघावेत. मिरामार किंवा कळंगुटला उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे होस क्लॅम्प गंजतात, अर्थिंगच्या वायरी हिरव्या पडतात आणि टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचे पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे चुरा होऊ लागतात. दर पंधरवड्याला पुढची जाळी गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरची नळी जवळ नेऊ नका, पत्रे आडवे होतात. डिचोली, साखळी, उसगाव भागात फिरणाऱ्यांना खनिजाची लाल धूळ भेटते. तिथे एअर फिल्टरची मुदत पुस्तकातल्या मुदतीच्या निम्मी धरा.

इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या मान्यतेचंच हवं. फक्त जाडी बघून घेऊ नका. थेट इंजेक्शनच्या छोट्या टर्बो इंजिनांना एक खास रोग असतो. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, पूर्ण पाय दिला की ऑइल आणि पेट्रोलचे थेंब ठिणगीच्या आधीच पेटतात. हा साध्या नॉकपेक्षा फार वाईट प्रकार आहे. एका फटक्यात पिस्टनची कड तुटते. मे २०२० मध्ये आलेली एपीआय एसपी ही श्रेणी या रोगाची चाचणी पास झालेल्या ऑइलना मिळते, म्हणून डब्यावर ती किंवा तिच्यानंतरची श्रेणी बघा. आणि सवय बदला. अनमोड घाटाच्या चढावर पाचव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमला पाय पूर्ण दाबण्यापेक्षा दोन गिअर खाली या.

स्पार्क प्लगबद्दल थोडक्यात. बूस्ट वाढवणार असाल तर एक पायरी थंड प्लग आणि ०.६ ते ०.७ मिलिमीटर गॅप. गॅप मोठा राहिला तर दाबाखाली ठिणगी विझते आणि गाडी उचक्या देते. लोक मग कॉइल बदलत बसतात. कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा. विहिरीच्या पाण्यातले क्षार रेडिएटरमध्ये बसतात.

इंधन म्हणून आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला असतो आणि ते बाष्प होताना हवा थंडही करतं, त्यामुळे नॉकच्या बाजूने फायदाच. पण त्यात ऊर्जा कमी. ई१० च्या तुलनेत तेवढ्याच ताकदीसाठी इंजेक्टरला सुमारे तीन-चार टक्के जास्त इंधन ओतावं लागतं. पूर्ण भारावर जो हाय-प्रेशर पंप आधीच काठावर होता, तो इथे कमी पडतो, म्हणून लॉगमध्ये रेल प्रेशर हवं. शिवाय इथेनॉल ओलावा ओढतं. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी ठेवणार असाल तर टाकी रिकामी ठेवू नका.

उष्णता: इथेच बसून विचार करा

टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. किती, ते बघा. बाहेर ३५ अंश, बूस्ट एक बार, आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर टर्बोतून हवा सुमारे १३० अंशांवर बाहेर पडते. पंचाहत्तर टक्के काम करणारा इंटरकूलर तिला साठच्या आसपास आणतो. डिसेंबरातल्या पहाटे २१ अंशांवर हाच हिशेब ४४ ला थांबतो. आणि रांगेत उभी राहून बॉनेटखाली ५० अंशांची हवा ओढणारी, इंटरकूलरवरही तीच हवा घेणारी गाडी ७५ वर पोचते. माझा ७१ चा आकडा असा आला होता. बहुतेक ईसीयू साठ-पासष्टच्या पुढे टायमिंग मागे घ्यायला लागतात. ते योग्यच करतात.

त्यात दमटपणा. समुद्रसपाटीवर, मान्सूनपूर्व हवेत, इंजिन ओढतं त्या हवेतला साधारण तीन टक्के भाग निव्वळ वाफ असतो. तेवढा ऑक्सिजन कमी. एक बारीक समाधान एवढंच की वाफ नॉकला थोडा आळा घालते. उलट उंचीवरच्या शहरात ट्यून केलेल्या गाडीत तोच दाब गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं. म्हणजे एका शहरातला डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दुसऱ्या शहरात जसाच्या तसा लागू होत नाही. मित्राने दाखवलेल्या आकड्याशी स्पर्धा करताना हे लक्षात ठेवा.

करायचं काय, तर पहिला खर्च फुकटचा. रेडिएटर, एसी कंडेन्सर आणि इंटरकूलर यांच्यामधल्या फटी बघा. बंपरमधून आलेली हवा आळशी असते. बाजूने निसटायला जागा मिळाली की ती जाळीतून जातच नाही. कडांना उष्णता सोसणारा फोम लावून त्या फटी बंद केल्या की फरक लॉगमध्ये दिसतो. पंख्यांची दोन्ही गती चालते का, तेही तपासा. माझ्या गाडीचा पंखा वरच्या गतीवर जातच नव्हता. एका सर्व्हिस सेंटरने दोनदा 'सगळं ठीक' लिहून दिलं होतं. म्हापशाच्या एका मेस्तने, म्हणजे मेकॅनिकने, रेझिस्टर बदलला आणि इनटेकचं तापमान रांगेत नऊ अंशांनी उतरलं.

बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर बसवू नका. आवाज मस्त येतो, हे मान्य. पण तो इंजिनाची गरम हवा ओढतो. कंपनीचा डबा ठेवा, त्याला बाहेरून हवा आणणारी नळी शाबूत ठेवा, आत स्वच्छ पॅनेल फिल्टर घाला.

मोठा इंटरकूलर घेण्याआधी तुमच्या गाडीत कुठला प्रकार आहे ते समजून घ्या. फोक्सवॅगन समूहाच्या १.० आणि १.२ टीएसआय इंजिनांत हवा थंड करायला पाणी वापरतात आणि तो कूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो. तिथे पुढे मोठी जाळी लावून भागत नाही. त्याचा वेगळा कमी तापमानाचा रेडिएटर, त्यातलं पाणी आणि छोटा विद्युत पंप यांच्याकडे बघावं लागतं. पंप मेला तर इनटेक तापमान चढतच जातं आणि डॅशबोर्डवर लगेच दिवा लागेलच असं नाही. १.८ आणि २.० टीएसआयमध्ये मात्र समोरून हवेवर चालणारा इंटरकूलर आहे. तिथे मोठा, जाड गाभ्याचा इंटरकूलर खरंच उपयोगी. फार जाड घेतलात तर मागच्या रेडिएटरची हवा अडते, आणि मग कूलंट तापतं.

ब्रेक आणि टायर

१,२०० किलोची गाडी ताशी १०० वरून थांबवायला ब्रेकना सुमारे ४६० किलोज्यूल पचवावे लागतात. १४० वरून ९०० च्या वर. वेग चाळीसने वाढला, उष्णता दुप्पट झाली. रीमॅपने ताकद पंचवीस टक्के वाढते आणि ब्रेक तेच राहतात, हे कुणी जाहिरातीत लिहीत नाही.

गोव्यात ब्रेक ऑइल हा वेगळाच विषय. ते हवेतून पाणी शोषतं. डॉट ४ ची किमान उकळण्याची मर्यादा नवीन असताना २३० अंश आणि ओलावा शिरल्यावर १५५. डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. आपल्या हवेत दोन पावसाळे गेलेलं ऑइल ओलंच समजा, मीटरची गरज नाही. दरवर्षी चतुर्थीनंतर बदलायचं, असा मी नियम केलाय. पाऊस ओसरत आलेला असतो आणि पुढे ट्रॅकचे महिने. डब्याचं सील फोडलं की उरलेलं पुढच्या वर्षी वापरायला ठेवू नका.

पॅड निवडताना निव्वळ रेसिंगचे घेऊ नका. ते थंड असताना पकडत नाहीत, आणि सकाळी बाजारात निघालेल्या गाडीचे ब्रेक थंडच असतात. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही सोसणारे मधले पॅड पुरतात. कंपनीच्या वरच्या मॉडेलची मोठी डिस्क आणि कॅलिपर तुमच्या गाडीत बसत असतील तर ते बाजारातल्या चकचकीत किटपेक्षा बरं.

टायर: बाजूला चार आकडी तारीख असते. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. कायद्याने १.६ मिलिमीटर खोली चालते, पण जूनच्या पहिल्या सरीत महामार्गावर ती चालत नाही. तीन मिलिमीटरच्या खाली गेले की मी बदलतो. ट्रॅकसाठीचे सेमी-स्लिक, म्हणजे खाचा फार कमी असलेले टायर, वेगळ्या रिमवर ठेवा. पावसाळ्यात ते गाडीवर नकोतच.

सस्पेन्शनवर फार लिहीत नाही. गाडी खाली बसवायची हौस असेल तर आधी तुमच्या वाड्यावरचे गतिरोधक मोजा.

रीमॅप

आता ट्यूनरकडे जा, हातात लॉग घेऊन. विचारायचे प्रश्न: मूळ फाइलची प्रत मला मिळेल का? कुठलं इंधन धरून फाइल केली? इनटेक तापमानाचं करेक्शन, नॉकची संवेदनशीलता आणि एक्झॉस्टच्या तापमानाचं संरक्षण तसंच ठेवलंय ना? काही जण उन्हाळ्यातही गाडी 'जोरात' वाटावी म्हणून हेच बंद करतात. असं उत्तर आलं, किंवा उत्तरच टाळलं, तर चहा पिऊन परत या.

टॉर्कच्या आकड्याला भुलू नका. २,००० आरपीएमला २४० न्यूटन मीटर म्हणजे ताकद फक्त ६८ पीएस (अश्वशक्ती), पण कनेक्टिंग रॉडवर आणि क्लचवर पूर्ण भार. ५,००० ला १९० न्यूटन मीटर म्हणजे १३५ पीएस. त्याच इंजिनातून, कितीतरी कमी ताणात. म्हणून मी खालचा टॉर्क मुद्दाम दाबून वरचा भाग सपाट ठेवायला सांगतो. शहरात गाडी थोडी मवाळ वाटते. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीवाल्यांनी (फोक्सवॅगन समूहाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तर हे ऐकाच. त्या डीक्यू२०० गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे, आणि आपल्या रांगांत क्लच आधीच भाजलेला असतो.

पूर्ण भारावर लॅम्डा ०.८० ते ०.८८ च्या दरम्यान असावा. १.० च्या जवळ राहिला तर एक्झॉस्ट आणि टर्बो तापतात.

फाइल बसल्यावर खरी परीक्षा घ्या. एसी लावून गाडी वीस मिनिटं दुपारच्या रहदारीत फिरवा आणि गरम असतानाच तीन नोंदी घ्या. मग दहा मिनिटं सरळ चालवून पुन्हा एक. इनटेक तापमान किती चढलं, किती वेळात उतरलं, नॉक कुठे आलं, हे सगळं ट्यूनरला पाठवा. चांगला ट्यूनर यावर सुधारित फाइल देतो. माझी तिसरी फाइल पहिलीपेक्षा कागदावर सात पीएस कमी होती. मे महिन्यात ती पहिलीला सहज मागे टाकते.

ट्रॅकला जाताना

गोव्यात कायमचा सर्किट नाही. दक्षिणेत जायचं, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथला ३.७१७ किलोमीटरचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट. गाडी स्वतः चालवत नेणार, म्हणजे तीच गाडी घरीही आणायची आहे. विम्याच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, तेव्हा ट्रॅकवरचं नुकसान स्वतःचं.

निघण्याआधी ऑइलची पातळी वरच्या खुणेजवळ, चाकांचे नट टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्याला, पॅड निम्म्यापेक्षा जास्त. सोबत ब्रेक ऑइलचे दोन सीलबंद डबे, ब्लीडिंगची (ब्रेकमधली हवा काढायची) नळी, जुने पॅड, ऑइल, कूलंट, प्रेशर गेज. ट्रॅकवर पहिली फेरी हळू, मग तीन-चार वेगात, मग एक पूर्ण फेरी ब्रेक जवळपास न लावता. टायरमधला दाब गरम झाल्यावर चार-पाच पीएसआय वाढतो, म्हणून परत आल्याबरोबर मोजून थोडा सोडा. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवा. तापलेल्या डिस्कवर पॅड चिकटून बसतात.

इनटेक तापमान लॉगवर ठेवाच. ते फेरीगणिक चढत जाऊन स्थिर होत नसेल तर फेऱ्या कमी करा.

शेवटचं सत्र संपल्यावर लोक फोटो काढतात. त्या वेळात पेडल दाबून बघा. थोडंही स्पंजसारखं लागलं तर तिथेच चारही चाकं ब्लीड करा, टायरचा दाब पुन्हा रस्त्याच्या आकड्यावर आणा, नट पुन्हा कसा. घरी येताना शेवटी अनमोड उतरायचा आहे, तोही बहुधा रात्री आणि ट्रकांच्या मागे.